एका देही दोन ज्वर

(जत्रोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जत्रेच्या मंडपात ज्वराचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या घराण्यांतील माणसे वर्षभर मुंबई, पुणे, बेळगाव, बडोदे अशा ठिकाणी पांगलेली असतात आणि चतुर्थीला वा जत्रेला चार-आठ दिवसांसाठी कुलदेवतेच्या पायांशी येतात, त्या घराण्यांशी हा विषय जवळून निगडित आहे. डास चावतो एका गावी आणि ताप चढतो दुसऱ्या गावी. डेंग्यूचा ताप डास चावल्यापासून चार ते दहा दिवसांनी येतो. मलेरियाला साधारण नऊ ते सतरा दिवस लागतात. तोवर प्रसाद वाटून संपलेला असतो, मुले शाळेत जाऊ लागलेली असतात, आणि नाडी पाहणाऱ्या डॉक्टराला रोगी गेल्या पंधरवड्यात कोठे होता याची कल्पनाही नसते.

गोमंतकातील जुन्या घरांत या आजाराला तीन नावे होती. वडीलधारी माणसे ‘थंडीताप’ म्हणत, लिसेंवात शिकलेले ‘पालुदिज्मु’ म्हणत आणि मुंबईहून आलेले ‘मलेरिया’. पालुदिज्मु या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील दलदल आहे, तर मलेरियाच्या मुळाशी इटालियन भाषेतील दूषित हवा. दोन्ही नावांनी दोष टाकला तो चिखलावर आणि वाऱ्यावर. जुन्या गोव्याचे वैभव ओसरण्यात साथीच्या रोगांचा मोठा वाटा होता आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीकडे गेला, हा इतिहास येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्यामुळे ताप म्हणजे घाण, ताप म्हणजे दलदल, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात मलेरियाचा परोपजीवी पाहिला, त्यानंतरही हे समीकरण मोडले नाही. फक्त दलदलीत डासाची भर पडली.

गोव्याच्या वैद्यकीय इतिहासात या संदर्भात एक नाव आदराने घ्यावे लागते. बाणावलीचे डॉ. इंदालेन्सियु फ्रोयलानु द मेलो (१८८७–१९५५) हे पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाचे संचालक होते आणि सूक्ष्मजीवशास्त्रात त्यांची ख्याती गोव्याबाहेर पोहोचलेली होती. १९३८ ते १९४५ या काळात ते पणजीचे नगराध्यक्षही होते. नगरपालिकेच्या खुर्चीवर सूक्ष्मदर्शकातून परोपजीवी पाहिलेला मनुष्य बसावा, हा योग फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल. मलेरियाविरुद्धच्या त्यांच्या कार्याची आठवण जुने पणजीकर पुष्कळ वर्षे काढीत.

पुढे देशात काय घडले ते थोडक्यात सांगता येईल. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. मग ढिलाई आली. १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला होता. गोव्यात मात्र मलेरियाचा उपद्रव त्या मानाने बेताचाच होता. आणि म्हणूनच १९८६ साली पणजी शहरात त्याची साथ उसळली तेव्हा लोक चकित झाले. शोध घेणाऱ्यांनी प्रथम दलदलीकडे पाहिले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु अपराधी तेथे सापडावयाचा नव्हता. शहरात नव्या इमारती उठत होत्या. सिमेंटच्या कामावर शिंपण्यासाठी साठविलेले पाणी, पूर्ण झालेल्या इमारतींच्या गच्चीवरील टाक्या, विहिरी आणि पिंपे यांत ॲनाफिलीस स्टीफेन्सी या जातीचा डास वाढत होता. या डासाला चिखल नको असतो; त्याला लागते ते स्वच्छ, संथ, साठविलेले पाणी. जे पाणी माणूस पिण्यासाठी आणि स्नानासाठी जपून ठेवतो, नेमके त्यावर त्याचा डोळा असतो.

आता दुसऱ्या ज्वराकडे वळावयाचे. डेंग्यू, ज्याला अंग मोडून काढणाऱ्या वेदनांमुळे हाडमोड्या ताप म्हणतात, तो आणि चिकुनगुन्या हे विषाणूंचे रोग. त्यांचा वाहक एडीस इजिप्ती हा पायांवर पांढरे पट्टे असलेला डास. त्याचीही आवड तीच: टाकी, पिंप, फुलदाणी, फ्रीजखालची तबकडी, टाकून दिलेला टायर. खेडेगावच्या कुळागरांत त्याचा भाऊबंद एडीस आल्बोपिक्टस नारळाच्या करवंटीत आणि पोफळीच्या गळून पडलेल्या विरीत साचलेल्या वाटीभर पाण्यावर संसार थाटतो. स्टीफेन्सी आणि इजिप्ती या दोघांच्या अळ्या एकाच टाकीत, एकाच पिंपात सापडतात. आफ्रिकेत जिबुती येथे २०१२ साली स्टीफेन्सीचा शिरकाव झाला, मग तो इथिओपियातील शहरांत पसरला आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. तेथील संशोधकांनाही तो इजिप्तीच्या शेजारी, त्याच भांड्यांत आढळला. मुंबईला आणि पणजीला हे शेजार पूर्वीपासूनच परिचित होते.

टाकी एक असली तरी दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत. एडीस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी, ॲनाफिलीस रात्री. दुपारी चारला पडवीत पान लावीत बसलेल्या गृहस्थाला एकाने गाठावे आणि रात्री अकराला झोपेत दुसऱ्याने, हे सहज घडू शकते. मच्छरदाणीत निजणारा मनुष्य निम्माच सुरक्षित असतो.

अशा वेळी एकाच देहात दोन ज्वर नांदू लागतात. आयुर्वेदात ‘द्वंद्वज ज्वर’ अशी संज्ञा आहे. तेथे अर्थ दोन दोषांच्या प्रकोपाचा आहे, दोन जंतूंचा नव्हे. तरीही शब्द चपखल आहे, आणि येथे तो उसना घेण्यास हरकत नसावी.

हा द्वंद्वज ज्वर कितपत आढळतो? दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना या प्रदेशात, केयेन येथील रुग्णालयात २००४ आणि २००५ या दोन वर्षांत ताप आलेल्या १,७२३ रुग्णांची दोन्ही रोगांसाठी तपासणी झाली. त्यांपैकी ३९३ जणांना मलेरिया होता, २३८ जणांना डेंग्यू आणि १७ जणांना दोन्ही. एकंदर तापकऱ्यांत शंभरात एक हे प्रमाण नगण्य वाटेल. परंतु तोच आकडा दुसऱ्या बाजूने पाहावा. मलेरियाचे निदान झालेल्या दर शंभरांत सुमारे चौघांना डेंग्यूही होता, आणि डेंग्यूच्या शंभरांत सुमारे सात जणांना मलेरिया. मलेरिया ठरला म्हणून ज्या चौघांची पुढील तपासणी थांबेल, त्यांच्या दृष्टीने हे प्रमाण नगण्य नाही. त्याच प्रदेशातील नंतरच्या अभ्यासात असेही दिसले की दोन्ही रोग एकत्र झालेल्यांत रक्तक्षय आणि प्लेटलेट पेशींची घसरण ही एकेकट्या रोगापेक्षा अधिक तीव्र होती. शिवाय गियानात मलेरिया हा प्रामुख्याने अरण्यातला रोग आणि डेंग्यू हा शहरातला. दोहोंची गाठ पडावयाची तर माणसाने प्रवास केला पाहिजे. भारतातील शहरांत दोहोंची सोय एकाच छपराखाली झालेली असते.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. चतुर्थी आटोपून मुंबईला परतलेला तिशीचा तरुण. दहाव्या-बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, अंग मोडून जाते. घरचे जाणते असतात, त्याच दिवशी रक्त तपासले जाते. मलेरियाचा परोपजीवी दिसतो. घरात एक प्रकारे हायसेच वाटते, कारण रोगाला नाव मिळाले आणि त्यावर औषधही आहे. गोळ्या सुरू होतात. चौथ्या दिवशी ताप उतरतो. आई दृष्ट काढते, पेज देते, फोनवरून गावी खुशाली कळविली जाते. आणि त्याच संध्याकाळी त्या तरुणाचे पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, तो ग्लानीत असल्यासारखा पडून राहतो. घरचे म्हणतात, ‘तापाने अशक्तपणा आला आहे, झोपू द्या.’

येथेच घात होतो. मलेरियात औषधानंतर ताप उतरणे हे बहुधा बरे होण्याचे चिन्ह. डेंग्यूत मात्र खरा धोक्याचा काळ ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. त्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, ग्लानी किंवा अस्वस्थता ही त्याची पूर्वसूचना होय. ज्या घराला केवळ मलेरिया ठाऊक आहे ते घर नेमके याच वेळी निर्धास्त झालेले असते.

डॉक्टरांचीही येथे कसोटी लागते. डेंग्यूत द्रव झिरपल्याने रक्त दाट होते. तांबड्या पेशींचे प्रमाण, ज्याला हिमॅटोक्रिट म्हणतात, ते वर चढते आणि त्यावरून धोका ओळखता येतो. परंतु मलेरिया त्याच तांबड्या पेशी फोडीत असतो, म्हणजे तेच प्रमाण खाली ओढीत असतो. दोन्ही रोग एकत्र असले की वर चढणारा आणि खाली उतरणारा आकडा एकमेकांना झाकतात आणि कागदावर सारे काही ठीक दिसू शकते. प्लेटलेट पेशी तर दोन्ही रोगांत घसरतात, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच वेगळे कळत नाही. सलाईनचेही तसेच. डेंग्यूच्या त्या अवस्थेत ते मोजून पण पुरेसे द्यावे लागते. तीव्र मलेरियात ते थोडे जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी साचू शकते. हे काम घरी बोलावलेल्या परिचारिकेकडून बाटली टांगून घेण्याचे नव्हे.

तपासण्यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण हल्ली सुशिक्षित घरांत अहवालाचा कागद हाच वैद्य मानला जातो. डेंग्यूचा एनएसवन हा घटक पहिल्या पाच-सहा दिवसांत सापडतो. आयजीएम हे प्रतिद्रव्य त्यानंतर दिसू लागते आणि दोन-तीन महिने टिकू शकते. तेव्हा आश्विनातील तापात सापडलेले आयजीएम श्रावणातील डेंग्यूचेही असू शकेल. मलेरियाच्या झटपट चाचणीचेही तसेच आहे. फाल्सिपेरम जातीचा जो घटक ती शोधते तो रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतो. म्हणजे दोन्ही चाचण्यांना मागील आजाराची आठवण असते, आणि केवळ दोन कागदांवर दोन होकार आले म्हणून दुहेरी संसर्ग सिद्ध होत नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष परोपजीवी पाहणे ही शतकाहून जुनी पद्धत आजही भरवशाची आहे. एकदा काही दिसले नाही आणि संशय कायम असला, तर ती पुन्हा करावी लागते.

उलट बाजूची चूक याहून गंभीर. एनएसवनचा अहवाल आला, डेंग्यूचा शिक्का बसला, आणि काचपट्टी केलीच नाही. डेंग्यूच्या विषाणूवर औषध नाही. विश्रांती, द्रवपदार्थ आणि दक्षता हाच त्याचा उपचार. मलेरियावर मात्र खात्रीचे औषध आहे. त्यातील फाल्सिपेरम जातीचा मलेरिया दुर्लक्षित राहिला तर थोड्या दिवसांत मेंदू, मूत्रपिंडे, फुप्फुसे यांच्यावर घाला घालतो. ज्या रोगाला औषध आहे तोच शोधावयाचा राहून जाणे, याला दुर्दैव हा शब्द अपुरा आहे. ताप कोणताही असो, मलेरियाची काचपट्टी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत व्हावी, असा आग्रह रोग्याच्या नातेवाइकांनी नम्रपणे पण ठामपणे धरावा.

अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घरच्या पेटीतून काढून देऊ नये. डेंग्यू असल्यास रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल तेवढे, तेही प्रमाणात. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो, म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांनी तपासून सांगितल्यास पूर्ण चौदा दिवस घ्यावयाच्या असतात. पाचव्या दिवशी बरे वाटते आणि उरलेली पाकिटे देवघराच्या फडताळात जातात, हा नित्याचा अनुभव आहे. पपईच्या पानांच्या रसाबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. ज्यांना तो द्यावयाचा असेल त्यांनी रुग्णालयाच्या वाटेवर द्यावा.

विषाणूंच्या जोड्याही जमतात. चिकुनगुन्याने १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावाला ग्रासले होते. पुढे तीसएक वर्षे तो जणू विस्मृतीत गेला आणि २००६ साली देशभर परतला तेव्हा त्या एका वर्षात संशयित रुग्णांची संख्या साडेतेरा लाखांच्या वर गेली. बार्शीची साथ पाहिलेले थोडेच डॉक्टर तेव्हा व्यवसायात उरले असतील. २०२१ साली पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात महाराष्ट्रातील झिकाची पहिली नोंद झाली, तेव्हा त्याच रुग्णाच्या रक्तात चिकुनगुन्याही आढळला. रुग्ण बरा झाला. चिकुनगुन्या सापडल्यावर तपासणारे तेथेच थांबले असते तर झिकाचा पत्ताच लागला नसता.

आता थोडे देवस्थानाशी संबंधित. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाच्या कारणांचा अहवाल सादर केला आणि शहरातील विहिरींवर बोट ठेवले. विहिरी बुजवा किंवा झाका, असा तगादा सुरू झाला. लोकांनी विरोध केला, आणि तो केवळ हट्ट नव्हता. धर्मकृत्याला लागणारे पाणी आकाश आणि सूर्य पाहणाऱ्या विहिरीचे असावे, अशी पारशी आणि हिंदू या दोन्ही समाजांत श्रद्धा होती. शेवटी काही विहिरींच्या बाबतीत तोड निघाली ती अशी, की विहिरीवर झाकण घालावे आणि त्यात बारीक तारेच्या जाळीची उघडझाप करता येणारी खिडकी ठेवावी. सूर्यप्रकाश आत जाई, डास जात नसे. श्रद्धेला धक्का न लावता काम साधण्याचा हा मार्ग शंभर वर्षांपूर्वी सापडला होता. देवळाच्या आवारातील उघड्या विहिरीला ती जाळी आजही बसू शकते.

देवळाच्या तळीला मात्र विनाकारण दोष दिला जातो. ज्या तळीत मासे आहेत तेथे अळ्यांना जीव धरणे कठीण. गोव्यात स्टीफेन्सीविरुद्ध झालेल्या प्रयोगांत आप्लोकायलस ब्लोकी नावाचा येथल्याच पाण्यातील चिमुकला मासा उपयोगी ठरला. तळी उपसून कोरडी करण्याचा ठराव मांडणाऱ्यांनी आधी अग्रशाळेच्या छपरावर चढून टाकीचे झाकण पाहावे. ते बहुधा वाऱ्याने उडालेले असते. धुराचे यंत्र फिरविल्याने लोकांना समाधान वाटते आणि उडणारे काही डास मरतात. टाकीतील अळीला त्या धुराची वार्ताही नसते.

बांधकामावरच्या परप्रांतीय मजुराला शिव्या देण्याची प्रथाही आता पुरे व्हावी. मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देण्याची पद्धत गोव्यात आहे, ती योग्यच. परंतु मजुराच्या रक्तात परोपजीवी असला तरी तो दुसऱ्यापर्यंत पोहोचविणारा डास मजुराच्या मुलखातून येत नाही. तो मालकाच्या टाकीत जन्मतो. मुंबईहून दर्शनाला येणाऱ्या महाजनाच्या रक्तातही परोपजीवी असू शकतो, आणि त्याच्याकडे कोणी आरोग्यपत्र मागत नाही.

राहता राहिली ती कुलूपबंद घरे. चतुर्थीला पाच-सात दिवस उघडावयाची आणि एरवी बंद. राजांगणात पावसाचे पाणी झेलणारे तांब्याचे भाणे, विहिरीजवळची दगडी दोण, न्हाणीतले घंगाळ, माळ्यावरची टाकी. एडीसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटविते. पाणी आटले तरी ती अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने जिवंत राहतात. मृगाचा पहिला पाऊस पडला, पाणी त्या रेषेला लागले की ती फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. भाद्रपदात घरधनी कुलूप काढतो तोवर त्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या असतात. केवळ पाणी ओतून टाकल्याने अंडी जात नाहीत. काथ्याने कड घासावी लागते. भाणी आणि घंगाळे घासून पालथी घालावयास, दोण कोरडी करावयास अर्धा दिवस पुरतो. टाकी रिकामी करून झाकण तारेने आवळण्यास आणखी एक तास. परतीची बस बहुतेकांची रात्रीचीच असते.